घरात मराठी बोलतात, पण वाचत कोणी नाही. अशा घरासाठी कोणती पुस्तके घ्यावीत?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. तुम्ही बेळगावच्या शहापूर भागात राहता. मुलगी सहा वर्षांची असून इंग्रजी माध्यमात आहे. मुलगा तेरा वर्षांचा, कन्नड माध्यमात सातवीत शिकतो आणि त्याला पक्षी-किड्यांचे वेड आहे. यजमान उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला आहेत आणि शाळा सुटल्यापासून त्यांनी पुस्तक हातात धरलेले नाही. सासूबाई मूळच्या निपाणीकडच्या, पण आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तुमचे स्वतःचे शिक्षण धारवाडला कन्नडमधून झाले. घरात सगळे मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक कोणी उघडत नाही; तेव्हा प्रत्येकाच्या वयाप्रमाणे पुस्तके सुचवावीत, असे तुम्ही म्हटले आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी एकोणीस वर्षे एक छोटे वाचनालय सांभाळतो आहे. त्या अनुभवावरून आधी तुमच्या प्रश्नातला ‘वय’ हा शब्द जरा बाजूला ठेवायला सांगतो. आपल्या भागात माणसाला वाचनाची दोन वये असतात, एक कानाचे आणि एक डोळ्याचे. तुमच्या मुलाच्या कानाला तेरा वर्षांची सरावलेली, थट्टामस्करी समजणारी मराठी आहे; पण त्याच्या डोळ्याला देवनागरीची ओळख झाली ती सहावीत तिसरी भाषा म्हणून हिंदी सुरू झाल्यावर, म्हणजे डोळ्याच्या हिशेबाने तो अजून दुसरीतच आहे. दुसरीतल्या मुलाचे पुस्तक दिले तर त्याला ते बाळबोध वाटते, आणि तेरा वर्षांच्या मुलाचे दिले तर तो अक्षरांत अडकून पडतो. मी स्वतः ही चूक केली आहे. शिवजयंतीला घडाघडा पोवाडे म्हणणाऱ्या एका मुलाला मी कौतुकाने रणजित देसाईंचे ‘श्रीमान योगी’ दिले होते. दीड महिन्याने ते परत आले तेव्हा अकराव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता, आणि त्यानंतर तो मुलगा वर्षभर वाचनालयाकडे फिरकला नाही. पुस्तक उत्तमच आहे, आणि देसाई तर आपल्या शेजारच्या कोवाडचे. पण त्या मुलाच्या डोळ्याला ते झेपणारे नव्हते, हे मला कळायला हवे होते.

कन्नड माध्यमातल्या मुलांची अडचण नेमकी कुठे असते, तेही पाहून ठेवा. वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे तोच असल्यामुळे सुटी अक्षरे ती आठवडाभरात उचलतात. घोडे अडते ते जोडाक्षरांत. कन्नडमध्ये दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली ‘ओत्तक्षर’ म्हणून बसते, तर देवनागरीत बहुधा पहिलेच अक्षर अर्धे होऊन दुसऱ्याला बाजूने चिकटते. रफाराची गंमत तर याहून मोठी आहे, कारण कन्नडमध्ये त्याची खूण अक्षराच्या नंतर उजवीकडे येते आणि आपल्याकडे ती डोक्यावर चढते. म्हणून ‘सूर्य’, ‘गर्दी’, ‘दुसऱ्या’ असे शब्द आले की मूल थबकते, आणि मोठ्यांना वाटते की त्याला वाचायचा कंटाळा आहे. त्याला खरोखर कंटाळा आलेला नसतो, एवढे तुम्ही धरून चालावे.

आता मुलापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या घरात सर्वांत अवघड आणि मला सर्वांत आवडणारे काम तेच आहे. त्याच्यासाठी माझी पहिली शिफारस प्रकाश संत यांच्या ‘वनवास’ या कथासंग्रहाची आहे. आजीआजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या या गोष्टी आपल्याच मुलखातल्या आहेत. त्यातली बोली कानडीच्या शेजारात वाढलेली आहे आणि त्यातल्या शाळा, गल्ल्या, माणसे तुमच्या मुलाला ओळखीची वाटतील. पुण्याच्या मुलाला जे शब्द समजावून सांगावे लागतात ते त्याला घरबसल्या समजतील, आणि मराठी पुस्तक वाचताना आपण कुठे कमी पडत नसून उलट वरचढ आहोत, असे आपल्या भागातल्या मुलाला वाटण्याचे प्रसंग फार थोडे असतात. हे पुस्तक १९९४ मध्ये आले; त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही पुढची पुस्तके आली, आणि ती त्याच क्रमाने वाचावीत. मात्र पहिली गोष्ट त्याने एकट्याने वाचू नये. ती त्याने आजींना मोठ्याने वाचून दाखवावी. आजींना दिसत नाही आणि नातवाला भरभर वाचता येत नाही, म्हणजे दोघांची गरज एकमेकांना पुरी पडते. तो अडखळला की आजी ऐकूनच शब्द पुरवतील, आणि वाचनाचा वेग कमी आहे म्हणून त्याला लाजही वाटणार नाही, कारण तो आजींसाठी वाचत असेल. आमच्या वाचनालयात ही युक्ती मी आठ-दहा घरांना सांगितली आणि बहुतेक ठिकाणी ती चालली. एका घरात मात्र आजीबाईच पहिल्या पाच मिनिटांत घोरू लागल्या, त्याला माझा इलाज नव्हता.

अक्षर थोडे मोकळे झाले की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि कुठेही नाक खुपसतो. गोष्टीचा वेग इतका असतो की अडलेला शब्द ओलांडून पुढे जायची सवय मुलाला आपोआप लागते. काळ जुना आहे, पण मुलांना त्याचे काही वाटत नाही असे मी पाहिले आहे. पक्षी-किड्यांच्या वेडासाठी अनिल अवचटांचे ‘सृष्टीत गोष्टीत’ हे त्याच्या डोळ्याला पेलणारे पुस्तक आहे. मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ मात्र दोन वर्षांनी द्या. ते दिल्यानंतर एखाद्या रविवारी त्याला खानापूरच्या पुढे भीमगडाच्या बाजूच्या रानात घेऊन जा, म्हणजे पुस्तकातले नाव आणि झाडावरचा पक्षी यांची गाठ पडेल. जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ नववी-दहावीपर्यंत थांबू शकते. अभ्यासक्रमाबाहेरचे विज्ञान त्याला आवडते का, ते तोवर कळेलच.

मुलीची बाब सोपी आहे. सहा वर्षांच्या मुलीला आज वाचायला लावू नका, तिला वाचून दाखवा. माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच घ्या. चित्रे त्यांचीच आहेत आणि वाक्ये घरात आपण बोलतो तशी आहेत. एकच पुस्तक तिने वीस वेळा मागितले तर वीस वेळा वाचावे, कारण पाठ झालेल्या वाक्यावर बोट फिरवता फिरवताच मुले अक्षरे ओळखू लागतात. पुढे तिच्यासाठी, आणि खरे तर साऱ्या घरासाठी, त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ घ्यावे. बालगट आणि कुमारगट असे त्याचे भाग आहेत, आणि त्यांत मराठीतल्या चांगल्या लेखकांचे वेचे विषयवार लावून त्यांच्या जोडीला चित्रेही दिली आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. दोन्ही मुलांना मोबाइलवर काही दाखवायचेच असेल तर हे दाखवा.

तुमच्या यजमानांना कादंबरी देऊ नये. दिवसभर भट्टीजवळ उभे राहून आलेल्या माणसाला एका बैठकीत संपेल असे काहीतरी हवे असते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ हे त्यासाठी सर्वांत भरवशाचे पुस्तक होय; एकेक व्यक्तिचित्र चहा संपेपर्यंत संपते, आणि पहिले कोणते वाचावे याचे बंधन नाही. त्यानंतर पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधला ‘रावसाहेब’ हा एकच लेख उघडून त्यांच्या समोर ठेवा. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते आणि रावसाहेब हे इथलेच गृहस्थ. त्यांची कानडी वळणाची, शिव्यांनी सजलेली मराठी वाचताना आपल्याकडचा माणूस हसल्याशिवाय राहत नाही; मात्र मुले जवळ असतील तर मोठ्याने वाचण्यापूर्वी जरा विचार करावा. यजमानांना हे रुचले, तर निपाणीचे महादेव मोरे त्यांच्या हाती द्या. मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत लेखन केले आणि ड्रायव्हर, गॅरेजवाले, विडी-तंबाखूत राबणारी माणसे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत आणली. कामगार माणसाला आपल्यासारख्याच माणसाने लिहिलेले वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नाही, आणि मोरे यांना आपल्या जिल्ह्यातच जेवढे वाचक मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सासूबाईंसाठी मी दोन नावे घेईन. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे लिहिलेले पुस्तक असले तरी ते सांगितल्यासारखे आहे, म्हणून ऐकायला फार चांगले. त्यात दुःखे पुष्कळ आहेत, पण लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचे मन जड होत नाही. रोज पाच पाने एवढेच माप ठेवावे. दुसरे नाव इंदिरा संत यांच्या ‘मालनगाथा’चे. इंदिराबाई आपल्या बेळगावच्या कवयित्री, आणि वर सांगितलेल्या प्रकाश संतांच्या आई. ‘मालनगाथा’त त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांच्याविषयी लिहिले आहे. हे पुस्तक आजींपुढे वाचायला घेतले तर तुम्हाला फार वेळ वाचावे लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. दोन ओव्या झाल्या की तिसरी त्या स्वतःच म्हणतील, आणि ती बहुधा पुस्तकातल्यापेक्षा वेगळी असेल. ती वहीत उतरवून घ्यावी. अनिल अवचटांच्या ‘माणसं’मध्ये निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतल्या बायकांवर एक लेख आहे, तो जवळच्या माणसांविषयी असल्यामुळे जिव्हारी लागणारा आहे. सासूबाईंच्या नात्यागोत्यात कोणी त्या कामात राबले असेल, तर आधी त्यांना विचारून मगच तो वाचावा.

आता तुम्ही. स्वतःसाठी तुम्ही काहीच मागितले नाही, पण घरात वाचणारी अशी खरी तुम्हीच आहात, फक्त कन्नडमधून. म्हणून तुम्ही मराठीची सुरुवात कन्नडमधूनच करावी. एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ मूळ कन्नडमध्ये वाचली असेल, तर तिचा उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद घ्या. कथा माहीत असल्यामुळे डोळा अडत नाही, आणि दोनशे पानांत वेग येतो. या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. उमाताई मूळच्या बेळगावच्या, आणि त्यांची गोष्ट तुमच्या घराच्या नेमकी उलट आहे. त्यांच्या घरची भाषा कन्नड आणि शिक्षण मराठीतून झालेले, त्यामुळे कन्नड कादंबरी त्यांचे यजमान विरूपाक्ष कुलकर्णी वाचून दाखवीत आणि कानाने ऐकलेले कन्नड त्या मराठीत उतरवीत. हे सारे त्यांच्या ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात आहे, आणि मला विचाराल तर भैरप्पांच्याही आधी हेच वाचावे. भैरप्पांची महाभारतावरची कादंबरी ‘पर्व’ पुष्कळ मोठी आहे, ती मागे राहू द्या. महाभारताची ओढ असेल तर इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ लहान आहे आणि अधिक काळ मनात राहते. यमकनमर्डीत जन्मलेल्या कमल देसाई यांचे लेखन मला फार मोलाचे वाटते, पण ते पहिल्या वर्षी घेऊ नये. त्यांची वाक्ये सरावलेल्या वाचकालाही थांबवतात.

पुस्तके कुठून आणावीत, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. सगळी विकत घेण्याचे कारण नाही. १८४८ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय तुमच्याच गावात आहे. तिथले सभासदत्व घेऊन मोठ्यांची पुस्तके तिथून आणावीत. थंडीच्या दिवसांत कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, तिथे पुस्तकांची दुकाने लागतात. मुलांना तिथे न्यावे आणि ठरावीक रक्कम हातात देऊन त्यांचे पुस्तक त्यांनाच निवडू द्यावे, मग ते भुताखेतांचे निघाले तरी चालेल. स्वतः विकत घ्यायची ती तीनच: ‘राधाचं घर’, ‘वाचू आनंदे’चा बालगटातला पहिला भाग आणि ‘वनवास’, कारण ही तिन्ही वाचनालयात पंधरा दिवसांनी परत करण्यासारखी नाहीत, ती घरात लोळत पडलेली असावी लागतात.

मुलाने ‘वनवास’मधली पहिली गोष्ट आजींना वाचून दाखवली की इथे अवश्य कळवा. तो कोणत्या शब्दांपाशी थांबला आणि आजी कुठे हसल्या, एवढे लिहिलेत तरी त्याच्यासाठी पुढचे पुस्तक सुचवणे मला सोपे जाईल.