टी.वाय.ला सुटलेलं बी.कॉम. नोकरी करत ऑनलाइन पूर्ण करायचंय. जुनी वर्षं धरतात का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: टी.वाय.चे दोन पेपर राहिलेत, २०१३ साली कॉलेज सुटलं, आणि आता बढतीसाठी पदवी मागतात. चौथी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. कुणा ‘अ‍ॅडमिशन काउन्सेलर’ने फोनवर सांगितलं की जुनं विसरा, नव्याने ऑनलाइन प्रवेश घ्या. मी उत्तर लिहितोय ते त्या चौथ्या गोष्टीमुळे.

दोन पेपरांसाठी माणसाला पुन्हा एफ.वाय.ला बसवणं हा सल्ला नव्हे, विक्री आहे. अभ्यासकेंद्रात काम करणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याशी माझा यावरून कायमचा वाद आहे. त्याचं म्हणणं, नोकरदाराला परीक्षा विभागाच्या खेपा जमत नाहीत, नवा प्रवेश सरळ असतो. माझं म्हणणं, खेपा जमत नाहीत कारण कुठल्या खिडकीवर काय मागायचं हे त्याला कुणी सांगतच नाही.

तेव्हा कुठलीही वेबसाइट उघडण्याआधी सगळ्या मार्कशीट काढा. एफ.वाय.पासूनच्या, नापास झालेल्यासुद्धा. त्यावर तीन गोष्टी बघा: पीआरएन (विद्यापीठाने दिलेला तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक), पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या वर्षीच्या रचनेचा ते (पुणे विद्यापीठाचं असेल तर २००८, २०१३, २०१९ असं काहीतरी), आणि प्रत्येक विषयापुढचा शेरा. ‘दोनच राहिलेत’ हे आठवणीवर बोलू नका.

उदाहरण देतो. एका पतसंस्थेत लिपिक असलेल्या बाई. शाखाधिकारीपदासाठी पदवी हवी. त्यांच्या हिशेबाने टी.वाय.चे दोनच विषय राहिले होते. मार्कशीट मांडल्यावर निघाले तीन. तिसरा एस.वाय.चा पर्यावरण अभ्यास! हा विषय सक्तीचा असतो, त्याचे गुण बहुधा टक्केवारीत धरत नाहीत, म्हणून पोरं तो प्रोजेक्ट देतच नाहीत आणि वर्ग पुढे सरकतो. पण तो सुटल्याशिवाय पदवी मिळत नाही. नव्याने प्रवेश घेण्याचा सल्ला देणाऱ्याने त्यांच्या मार्कशीट बघितल्याच नव्हत्या.

पुढची अडचण पॅटर्नची. जुना पॅटर्न बंद झाला की काही काळ त्याच्या परीक्षा चालू राहतात, मग थांबतात. थांबल्या म्हणजे विषय मेला असं नाही. अभ्यास मंडळ नव्या पॅटर्नमधला समकक्ष विषय ठरवून देतं आणि तो पेपर द्यायचा असतो. बाईंच्या एका विषयाचं नाव तेच राहिलं होतं आणि आतला अभ्यासक्रम निम्मा बदलला होता. जुनं गाइड वाचून बसल्या असत्या तर पुन्हा गेल्या असत्या. समकक्षतेची यादी परिपत्रकात असते. ती कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेखी घ्या, तोंडी नको. परीक्षा अर्जात विषयाचा सांकेतांक चुकला तर हॉलतिकीट भलत्याच विषयाचं येतं.

मग अंतर्गत गुण. ज्या पॅटर्नमध्ये काही गुण कॉलेजच्या हातात असतात, तिथे ते जुने गुण पुढे धरले जाणार की पुन्हा परीक्षा द्यायची, हे अर्ज भरण्याआधी विचारायचं. धरले जाणार असतील तर ते विद्यापीठाच्या नोंदीत दिसतात का, तेही तपासायचं. नाहीतर लेखी पेपरात पास, अंतर्गतमध्ये गैरहजर, निकाल राखीव. हे फार वेळा होतं.

शेवटची अडचण नावाची. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्धवट पदवी पूर्ण करताना परीक्षा अर्ज जुन्याच, म्हणजे पहिल्या मार्कशीटवरच्या नावाने भरायचा. मध्येच नाव बदललं की एकाच पीआरएनवर दोन नावं होतात आणि पदवी प्रमाणपत्र अडकतं. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जोडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नंतर कंपनीला दाखवता येतं. बाईंनी तसंच केलं, तीन विषय काढले, पदवी घेतली. तीन वर्षांची फी आणि तीन वर्षांच्या परीक्षा वाचल्या.

आता मुदतीचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीचा नेहमीचा कालावधी अधिक दोन वर्षं आणि अपवादाने आणखी एक, एवढीच मुभा आहे. त्या हिशेबाने २०१३ चे तुम्ही केव्हाच बाहेर. पण विद्यापीठं अधूनमधून जुन्या विद्यार्थ्यांना विशेष संधी देतात. त्याचं परिपत्रक निघतं, अर्जाची मुदत थोडी असते आणि कॉलेज तुम्हाला फोन करत नाही. म्हणून परीक्षा अर्जांच्या हंगामात विद्यापीठाची परिपत्रकं स्वतः बघायची. शिवाय कॉलेजमार्फत परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्यायचा: पीआरएन, राहिलेले विषय, पॅटर्न, आणि ‘मला कोणत्या विषयांची परीक्षा कोणत्या सत्रात देता येईल ते कळवावे’ एवढं एकच वाक्य. अर्जावर पोच घ्या. नकार आला तरी तो लेखी हवा, पुढे उपयोगी पडतो.

हे उत्तर येईपर्यंत मायग्रेशन सर्टिफिकेट काढू नका. मायग्रेशन घेतलं म्हणजे तुम्ही ते विद्यापीठ सोडलंत. मग विशेष संधी जाहीर झाली तर आधी ते रद्द करून घेण्यात वेळ जातो, आणि अर्जाची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. ‘काढून ठेवा, लागेलच’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील.

दार खरंच बंद असेल तर पुढचा प्रश्न, जुनी वर्षं धरतात का. तुम्ही एबीसीबद्दल, म्हणजे ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’बद्दल विचारलंय. उत्तीर्ण विषयांची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, त्या खात्यात जमा राहतात. ती क्रेडिट बँक २०२१ च्या नियमांनी आली आणि तिच्यात २०२१-२२ पासूनचीच क्रेडिट जमा होतात, तीही जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. तुमच्या २०११-१२ च्या गुणांना तिथे जागा नाही. एबीसी खातं उघडल्यावर ‘शून्य क्रेडिट’ दिसलं म्हणून घाबरू नका आणि ‘आम्ही तुमची जुनी क्रेडिट एबीसीत टाकून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तुमच्यासाठी खरा रस्ता आहे थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला प्रवेश. तो सगळ्यात सोपा पडतो जुन्याच विद्यापीठाच्या दूरस्थ विभागात. मुंबई विद्यापीठाचे असाल तर १९७१ पासूनचं आयडॉल, आता त्याचं नाव सीडीओई, तिथे आपल्याच विद्यापीठाची आधीची वर्षं धरून पुढच्या वर्षाला प्रवेश मिळतो. विद्यापीठ बदललंत की पात्रता प्रमाणपत्र, मायग्रेशन, विषयांची तुलना, सगळं सुरू होतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या किंवा इग्नूच्या (दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) माहितीपुस्तिकेत थेट प्रवेशाच्या आणि क्रेडिट ट्रान्सफरच्या अटी वाचा, पानावर बोट ठेवून वाचा. केंद्रावरच्या माणसाचं ‘होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे.

आणि एवढं करूनही काही हाती लागलं नाही, तर मग नव्याने प्रवेश. तेव्हा मीच सांगेन, घ्या.

नवा प्रवेश घेताना ‘ऑनलाइन’ आणि ‘दूरस्थ’ या दोन वेगळ्या मान्यता आहेत हे लक्षात ठेवा. दूरस्थ म्हणजे पुस्तकं, अभ्यासकेंद्र, केंद्रावर लेखी परीक्षा. ऑनलाइन म्हणजे व्हिडिओ, लॉगिन, चाचण्या, आणि तिथे तुमचा सहभाग मोजला जातो. एकाच विद्यापीठाला दूरस्थ बी.कॉम.ची मान्यता असते आणि ऑनलाइनची नसते, असंही होतं. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर चार गोष्टी जुळवा: विद्यापीठ, अभ्यासक्रम, पद्धत, आणि तुमचं प्रवेशाचं सत्र. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. २०२४ च्या उत्तरार्धापासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतः डीईबी आयडी काढावा लागतो. तो एबीसीशी आणि एबीसी आधारशी जोडलेला, म्हणून आधारवरचं नाव-जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी आधी जुळवून घ्या. आयडी दुसऱ्याच्या मोबाइल नंबरवर काढू देऊ नका.

राज्य विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या हद्दीतच चालवता येतो. ऑनलाइनला हद्दीचं बंधन नाही. बेळगाव-गोव्याकडच्या वाचकांनी हे बघूनच नाव नोंदवावं. फ्रँचायझी देऊन पदवी चालवायला यूजीसीची मनाई आहे, तेव्हा फी भरायची ती विद्यापीठाच्या खात्यात, क्लासच्या नव्हे. ‘एका वर्षात पदवी, मागच्या तारखेची मार्कशीट’ हा तर सरळ फौजदारी मामला आहे. यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नागपूरचंही एक नाव अनेक वर्षं आहे, म्हणजे हे सगळं लांब दिल्लीतच चालतं असं नाही.

वेळेचा अंदाज हवा होता तुम्हाला. इग्नूच्या २०१९ पासूनच्या तीन वर्षांच्या बी.ए.ची मांडणी घ्या: एकूण १३२ क्रेडिट, वर्षाला ४४, एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे कागदावर वर्षाला १,३२० तास, आठवड्याला पंचवीसेक. नोकरदार इतका अभ्यास करत नाही आणि करावाही लागत नाही, पण आठवड्याला आठ-दहा तासांच्या खाली गेलात तर परीक्षेच्या महिन्यात सगळं अंगावर येतं. हल्ली चार वर्षांची ऑनर्स पदवी समोर ठेवतात. बढतीसाठी पदवी हवी असेल तर तिसऱ्या वर्षाअखेर बाहेर पडता येतं का तेवढं बघा.

लोक नापास होतात ते बहुतेक पेपरात नाही, स्वाध्यायात, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांत. इग्नूत त्याला ३० टक्के वजन, परीक्षेला ७०, आणि पदवीला दोन्हींत स्वतंत्रपणे ३५ टक्के लागतात. पेपरात साठ गुण आणि स्वाध्याय दिलाच नाही, तर तो विषय अपूर्णच राहतो. प्रश्न दर वर्षी बदलतात. मागच्या वर्षीचे लिहून दिलेत तर कष्ट वाया. उत्तरं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायची, देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढायचा आणि पोच जपायची, कारण गुण चढवायचे राहिले तर तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. जूनच्या परीक्षेसाठी स्वाध्याय द्यायची मूळ मुदत सहसा ३१ मार्च असते. बँकेत, पतसंस्थेत, अकाउंट्समध्ये काम करणाऱ्यांना हा दिवस काय असतो हे सांगायला नको. मुदतवाढ बहुधा होते, पण तुम्ही फेब्रुवारीतच देऊन मोकळे व्हा.

आणि हाताने लिहायचा सराव करा. दहा वर्षं मोबाइलवर टाइप करणाऱ्या माणसाचं बोट दीड तासात दुखायला लागतं आणि पेपर तीन तासांचा असतो. सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ५, असे एकाच दिवशी दोन पेपरही येऊ शकतात. मराठीतून उत्तरं लिहायची असतील तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ बरं, पुस्तकंच मराठीत मिळतात. इग्नूचं साहित्य बहुतेक इंग्रजी-हिंदीत.

कंपनी मानेल का, हाही तुमचा प्रश्न. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. एमपीएससी, यूपीएससीला ती चालते. ‘मुक्तची डिग्री, तिला काय अर्थ’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे दाखवा. खासगी कंपनीचं मात्र धोरण तिचं तिचं असतं. ‘पूर्णवेळ पदवी’ असा शब्द नियमात आहे का ते एचआरला मेलवर विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या. पद्धत लपवायचा विचार करू नका, प्रमाणपत्राच्या आणि गुणपत्रिकेच्या मागे ती छापायची असा २०२० चा नियम आहे.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता जोडतो. वरचं सगळं बी.ए., बी.कॉम.सारख्या पदव्यांबद्दल आहे. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती, हॉटेल मॅनेजमेंट हे दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतच नाहीत, आणि बी.एस्सी.ला प्रयोगशाळेची अडचण येतेच. नंतर एलएल.बी.चा बेत असेल तर बारावी नीट झालेली हवी. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

मार्कशीटवरचा पॅटर्न आणि राहिलेल्या दोन विषयांची नावं खाली लिहा. विद्यापीठही लिहा, ते प्रश्नात कुठेच दिसलं नाही.