दहावीतला मुलगा सारखा चिडतो, खोलीतून बाहेर येत नाही. हे वय आहे की डिप्रेशन?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दोन महिने प्रत्येक गोष्टीवर खेकसतोय, क्रिकेट सोडलंय, रात्री उशिरापर्यंत जागा असतो आणि घरचे म्हणतात, "वयच तसं आहे." मी शाळेत समुपदेशक आहे. मला हे नुसतं वयाचं वाटत नाही.

या वयाची मुलं आईबापांवर चिडतात, पण मित्राचा फोन आला की खुलतात. तुमच्या मुलाने मित्रांकडे जाणंही बंद केलंय, ते मला जास्त खटकतं. डिप्रेशन म्हणजे रडणं, असं आपण धरून चालतो. किशोरवयात ते बऱ्याचदा चिडचिड होऊन बाहेर येतं, नाहीतर दुखणं होऊन. आमच्याकडे नववीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीनंतर पोट धरून स्टाफरूमच्या दाराशी यायची. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, सगळं नॉर्मल. मग "नाटकं करते" असं ठरलं. लेझीम पथकात कायम पुढे असणारी ही पोर यंदा सरावाला का आली नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, "मजाच येत नाही मॅडम, कशातच."

डॉक्टरही हेच बघतात: उदास किंवा चिडचिडं मन, आवडीच्या गोष्टींत रस नाही, झोप-भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, स्वतःला कुचकामी समजणं. आणि हे जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे.

समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. भाजी आणायला बरोबर न्या, चालता चालता बोला. मोबाईल, मार्क आणि "आम्ही तुझ्यासाठी किती करतो" हे विषय तेव्हा बंद. "हल्ली तू फार दमलेला दिसतोस, काय होतंय?" एवढं विचारून गप्प राहा. "काही नाही" म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

एक प्रश्न मात्र स्पष्टच विचारा: "जीव द्यावा असं कधी मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना उलट मोकळं वाटतं. "हो" म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उत्तर काहीही येवो, घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, शेती असेल तर फवारणीची औषधं आजच कुलपात टाका. ती ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं, तर जीव वाचू शकतो.

फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड बघून घ्या, पण तिथे थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ लावा. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारची टेली-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्याच तर गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

राहिली दहावी. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या, एखादा क्लास कमी करा. विषय राहिलाच तर निकालानंतर थोड्याच दिवसांत पुरवणी परीक्षा असते. हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे, आणि निकालाची वाट न बघता आत्ताच.