उतारावर न्यूट्रल नको

जुनी गाडी घेतलीस, मस्तच! पण पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकायची सवय लावून घेऊ नकोस. इंजेक्शनवाल्या गाडीत (जिथे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो) गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलला आयडलिंगसाठी, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायला, लागतंच, मग बचत कसली? कार्ब्युरेटरवालीत (जुनी पद्धत, कॉम्प्युटरशिवाय) थोडंफार वाचेल, पण सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पुढचं वळण आलं की ब्रेक नीट न लागता पेडल खाली खाली जायला लागतं.

सध्या एवढंच सांभाळ:
- ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतास त्यातच उतर, आणि गिअर उतार लागायच्या आधीच टाक
- इंजिन बंद करून कधीच नाही, दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल एकदम कडक होतं, नीट दाबलंच जात नाही
- ब्रेक फ्लुइड साधारण 2 वर्षांनी बदल, खर्च किरकोळ आहे

बाकी हळूहळू जमेल.