गेमचे रिव्ह्यू पैसे घेऊन लिहिले जातात का? मग विश्वास कशावर ठेवायचा?

पाकीट घेऊन मार्क वाढवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. काही वर्षं एका साइटसाठी रिव्ह्यू लिहायचो, तेव्हा कळलं की खरी गोची फुकट मिळणाऱ्या कॉपीत असते. गेम यायच्या काही दिवस आधी कंपनी ती देते, सोबत एम्बार्गो असतो: अमुक वेळेआधी काही छापायचं नाही. कंपनी नाराज झाली तर पुढची कॉपी येत नाही. मग तुमचा रिव्ह्यू चार दिवस उशिरा येतो आणि तोवर वाचक दुसरीकडे गेलेला असतो. कुणी दम देत नाही, लेखणीच जपून चालायला लागते.

'असॅसिन्स क्रीड युनिटी' (2014) अमेरिकेत मध्यरात्री विक्रीला आला, रिव्ह्यूंवरची बंदी उठली दुपारी बाराला. 'सायबरपंक 2077'च्या वेळी, डिसेंबर 2020 मध्ये, समीक्षकांना आधी फक्त पीसीची कॉपी मिळाली आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायलाही मनाई होती. सोनीच्या प्लेस्टेशन 4 या कन्सोलवर गेम इतका मोडका निघाला की सोनीने तो सुमारे आठवडाभरात स्टोअरवरून काढून टाकला. 'आम्ही कन्सोलवर खेळलेलो नाही' हे एक वाक्य ज्यांनी ठळक लिहिलं, त्यांच्या वाचकांचे पैसे वाचले असतील.

जाहिरातींचा दबाव अगदीच खोटा नाही म्हणा. 2007 मध्ये गेमस्पॉट या गेमिंग साइटच्या जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी 6 दिले. साइटवर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्यांची नोकरी गेली, आणि का गेली हे त्यांना उघडपणे बोलता आलं थेट 2012 मध्ये. सरळ पैसे देण्याचे प्रकार मात्र यूट्यूबवर जास्त. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या आपल्या गेमसाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबरना हजारो डॉलर दिले होते आणि तो उल्लेख बऱ्याच ठिकाणी व्हिडिओखालच्या वर्णनात दडलेला होता. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016 मध्ये त्यावर कारवाई केली.

माझी स्वतःची चूक यापेक्षा किरकोळ, पण मला ती जास्त टोचते. एका लांबलचक गेमचा मी शेवट न बघताच रिव्ह्यू लिहिला. शेवटच्या टप्प्यात सेव्ह फाइल (जिच्यात खेळाची प्रगती साठते) खराब व्हायची, हे एका वाचकाने कळवलं. आम्ही काय केलं? गुपचूप एक परिच्छेद बदलला. दुरुस्तीची नोंद नाही, तारीख नाही. त्या वाचकाला वेड्यात काढल्यासारखंच झालं ते.

त्यामुळे आता मी रिव्ह्यू उघडला की मार्क नंतर बघतो. कॉपी विकत घेतली की कंपनीकडून आली, कोणत्या मशीनवर खेळला, किती तास, गेम संपवला का, कंपनीच्या खर्चाने कुठे जाऊन खेळला का, एवढं आधी शोधतो. हे लिहायला चार ओळीसुद्धा लागत नाहीत, म्हणून नसेल तर खटकतंच. साइटवर जुन्या लेखांच्या दुरुस्त्या तारखेसह वर दिसत असतील तर माझा भरवसा वाढतो. एकही दुरुस्ती नसेल तर उलट शंका येते.

आणि साइटपेक्षा माणूस धरा. तुम्ही खेळून झालेल्या पाचसहा गेमवर त्याने काय लिहिलं होतं ते वाचा. मत जुळलंच पाहिजे असं नाही. माझा आवडता समीक्षक माझ्या आवडीच्या निम्म्या गेमना नावं ठेवतो, पण का ठेवतो ते इतकं नेमकं सांगतो की तेवढ्यावर मी ते विकत घेतो.