फुकटचं काम पण इंजिनियरसारखंच कर

अरे, इंजिनियर म्हणून सुट्टीच्या दिवशी संस्थांसाठी फुकट काम करायचा तुझा उत्साह चांगलाय, पण सुरुवातीलाच चार संस्थांना हो म्हणून बसू नकोस, एकच काम धर आणि ते आपल्या लाइनीतलं धर. हो म्हणायच्या आधी घरी विचार, तुझा रविवार जातो तेव्हा घरच्यांचाही जातो (हे लोकांना फार उशिरा कळतं). आणि फुकट करतोय म्हणून ड्रॉइंग, कॅल्क्युलेशन सोडायचं नाही. पाण्याची टाकी बांधली की लगेच उद्घाटनाची घाई सुरू होते, पण काँक्रीटची ताकद ओतल्यापासून 28 दिवसांनंतरची धरतात, तिथे कोणाचं अजिबात ऐकायचं नाही. पंप बसवलास तर फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) उघडून साफ कसा करायचा ते तिथल्याच दोघांना स्वतःच्या हाताने करायला लाव, नाहीतर दर वेळी फोन तुलाच, तोही नेमका जेवताना. मुलं जरा मोठी असतील तर त्यांनाही ने सोबत, टेप धरायला.