फ्रीबीएसडीचा सोर्स ट्री सिंक होत नसेल तर आधी तारीख बघा

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला घरच्या जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी १४ ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्या सोर्स ट्रीवर, म्हणजे मूळ कोडच्या फोल्डरवर, गिट पुल करून नवे बदल ओढले की कधी सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) तक्रार येते, कधी ‘इंडेक्स डॉट लॉक’ आधीच आहे म्हणून अडतं, आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करायला (पूर्ण प्रत उतरवायला) गेलात तर अर्ध्यावर ‘अर्ली ईओएफ’ (डेटा पुरा येण्याआधीच संपला) येऊन तुटतं. मग जुना ट्री पुसून टाकू का, असं विचारताय.

पुसू नका. कर्नलसाठी (सिस्टीमच्या गाभ्यासाठी) तुम्ही स्वतःची कॉन्फिग फाइल ट्रीच्या आतच बनवली असेल तर ती गिटच्या हिशेबात नसते, गेली की गेली. ती रूटच्या होम फोल्डरमध्ये ठेवा आणि ट्रीमध्ये नुसता सिमलिंक (तिच्याकडे नेणारा दुवा) करा.

मला तुमच्या तिन्ही भानगडींमागे एकच कारण दिसतं: वीज. पावसाळ्यात आपल्याकडे ती कशी येते-जाते ते सांगायला नको, आणि तुमच्याकडे यूपीएस नाही असं तुम्हीच लिहिलंय.

सर्टिफिकेटपासून सुरू करा. टर्मिनलवर ‘डेट’ टाकून बघा. साल २०१० किंवा तसलंच काही दिसलं तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. वीज गेली की घड्याळ मागे जातं, आणि मागच्या तारखेला सर्व्हरचं आजचं सर्टिफिकेट ‘अजून वैध झालेलं नाही’ असंच ठरणार. काही जण इथे गिटची सर्टिफिकेट तपासणीच बंद करायला सांगतात. ज्या कोडमधून तुमचा कर्नल बनणार, तो न तपासता घ्यायचा? मला हा सल्ला मुळीच पटत नाही.

एनटीपीडी (नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) आपोआप वेळ लावेल या भरवशावरही राहू नका. फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त असला तर तो वेळ न लावता सरळ बंद पडतो. आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एनटीपीडी सिंक ऑन स्टार्ट’ला यस दिलं तरच सुरुवातीला एवढी मोठी उडी मारतो. त्यात लोकल अनबाउंड (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर आणखी मजा: तारीख चुकीची असली की डीएनएसएसईसीची (मिळालेला पत्ता खरा आहे ना याची) तपासणी फसते, नावं सापडत नाहीत, मग वेळ देणारा सर्व्हर तरी कुठून सापडणार? म्हणून तारीख आधी हाताने लावा, नंतर एनटीपीडी चालू करा. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

लॉक फाइलचं सोपं आहे. गिट काम करत असताना वीज गेली, फाइल मागे राहिली. दुसरं कुठलं गिट चालू नाही ना ते पीएस कमांडने बघा आणि ती एकच फाइल उडवा. त्यानंतर गिट एफएससीके (साठा शाबूत आहे ना ते तपासणारी कमांड) जरूर चालवा. ‘ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी’ असं आलं तर डॉट गिटच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरमधल्या शून्य बाइटच्या फाइली काढून सर्व्हरवरून पुन्हा फेच करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

राहिला अर्ली ईओएफ. वीज गेली की नेटची लाइनही तुटते. गिटचं क्लोन मध्येच तुटलं तर पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतं. फ्रीबीएसडीचा पूर्ण इतिहास भलताच मोठा आहे, पावसातल्या लाइनवर तो एका दमात उतरवायचा हट्ट कशाला? जागा पुरेशी आहे ना ते डीएफ कमांडने बघा आणि डेप्थ १ देऊन नुसती वरची प्रत घ्या. बिल्डला तेवढी पुरते. जुना इतिहास हवा असेल तर ‘फेच’ला डीपन देऊन थोडा थोडा ओढा. सगळाच हवा असेल तर मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो तसा पावसाआधी भरून ठेवायचा.

एसव्हीएनलाइटवाले (गिटआधी सोर्स आणायचं साधन) जुने लेख बघत असाल तर सोडून द्या. सोर्स डिसेंबर २०२० मध्येच गिटवर गेला, आणि १४ मध्ये एसव्हीएनलाइट नाहीच.

पुल नीट झालं की ट्रीच्या मुळाशी ‘अपडेटिंग’ नावाची फाइल आहे ती वरून वाचा, मगच बिल्डवर्ल्ड, म्हणजे सोर्समधून सिस्टीम बनवायला घ्या. तरीही अडलं तर आउटपुटमधली सगळ्यात पहिली एरर इथे टाका. शेवटच्या ओळीत बहुधा नुसती रडारड असते.