दर वेळी चौकट येते, एंटर मारून मोकळं व्हायचं का?

प्रश्न : मी लालबागला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. नोटिसा, मिनिट्स सगळं लिब्रेऑफिसमध्ये टाइप करतो, फुकट आहे म्हणून. पण कमिटीत बाकी सगळ्यांकडे वर्ड, त्यामुळे डॉकएक्समध्ये सेव्ह करतो, तर दर वेळी चौकट येते की वर्डचा फॉरमॅट वापरू की ओडीएफ. अहो, आत्ताच तर सांगितलं ना डॉकएक्स म्हणून! मुलगा म्हणतो, बाबा वाचत बसू नका, एंटर मारा. काय करू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : काका, वर्डचं बटण दाबा, काही बिघडत नाही. ओडीएफ हा लिब्रेऑफिसचा घरचा फॉरमॅट, 2006 पासून आयएसओ स्टँडर्ड आहे, आणि डॉकएक्समध्ये नेताना एखादं टेबल किंवा नंबरिंग हलू शकतं म्हणून ते बिचारं आधी सांगून ठेवतं. शिवाय बनवणाऱ्यांना आपला ओपन फॉरमॅट लोकांनी वापरावा असंही वाटतंच की. बंद करायचं तर टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथे जा, 'ऑलवेज सेव्ह अ‍ॅज'मध्ये वर्डचा डॉकएक्स निवडा, कटकट संपली.

आता मुलाचा सल्ला. तो माझ्या मते चुकतोय, पण दोष त्याचा नाही, दर सेव्हला तेच तेच विचारलं की माणूस वाचायचं सोडतो आणि बोट आपोआप एंटरवर जातं, मग जी चौकट खरंच वाचायला हवी तिच्यावरही तसंच जातं. एंटर मारला की कुठलं बटण दाबलं जाणार हे आपण नाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. फाइल बंद करताना येते ती चौकट बघा. पूर्वी विंडोजवर तिथे नुसतं येस, नो, कॅन्सल असायचं, म्हणजे वरचं वाक्य वाचल्याशिवाय येस कशाला ते कळायचं नाही. मॅकवाल्यांनी मात्र बटणावरच काम लिहिलं, सेव्ह, डोन्ट सेव्ह. हे बरं, घाईतल्या माणसाला बटण तरी दिसतं. एंटर सहसा सेव्हवर ठेवतात, टाइप केलेलं जाऊ नये म्हणून, आणि एस्केप दाबलं की कॅन्सल, फाइल उघडीच राहते. गोंधळ वाटला की एस्केप.

पण सेव्ह म्हणजे नेहमीच सेफ असं नाही हो, आणि हे खास तुमच्यासारख्या सेक्रेटरींसाठी. एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची, नोटीस कोण कोऱ्या पानावर लिहितं? गेल्या वर्षीची उघडायची, तारीख बदलायची, अजेंडा जरा इकडेतिकडे करायचा, प्रिंट काढायची, बंद करताना चौकट आली की एंटर. झालं, गेल्या वर्षीची नोटीस गेली, तिच्या जागी यंदाची बसली! आणि रेकॉर्ड मागायला कोणीतरी हमखास येतंच. म्हणून जुनी फाइल उघडल्या उघडल्या आधी सेव्ह अ‍ॅज करून नवं नाव द्या, मग एक अक्षर बदला. त्याच ऑप्शन्समध्ये बॅकअप कॉपी ठेवायची टिकही आहे, ती करून टाका.

मेंबरांना ग्रुपवर टाकायची नोटीस तर पीडीएफच करा, फॉन्ट आतच जातो, मराठी अक्षरं कोणाच्या फोनवर फुटत नाहीत. डॉकएक्स फक्त ज्याला दुरुस्त्या करायच्यात त्याला. आणि नोटिशीचा साचा दर वर्षी तोच असेल तर एकदा टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून ठेवा, त्यावर डबल क्लिक केलं की बिननावाची नवी फाइल उघडते, मग तुम्ही कितीही घाईत सेव्ह मारा, आधी नावच विचारेल.